मॉन्ट्रोज बरोज: स्कॉटलंडमधील एका जुन्या संसदीय मतदारसंघाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉन्ट्रोज बरोज हा मतदारसंघ कोठे होता आणि किती काळ होता?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, डंडी आणि ॲबर्डीन या दोन मोठ्या शहरांच्या मधल्या पट्ट्यात हा मतदारसंघ होता. मॉन्ट्रोज, आर्ब्रोथ, ब्रीखिन, फॉर्फर आणि इनव्हरबर्व्ही अशा पाच गावांचा मिळून तो बनलेला होता. यांपैकी पहिली चार गावे अँगस परगण्यातली, तर इनव्हरबर्व्ही हे त्याच्या उत्तरेकडील किंकार्डिनशायरमधले. १८३२ मध्ये हा मतदारसंघ निर्माण झाला आणि १९५० मध्ये रद्द झाला. या ११८ वर्षांत ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याचा एकच सदस्य बसत असे.

नकाशावर पाहिले तर हा मतदारसंघ एका सलग प्रदेशासारखा दिसतच नाही. पाच गावांचे पाच ठिपके तेवढे दिसतात आणि त्यांच्या मधली शेते, वाड्या व खेडी दुसऱ्याच मतदारसंघात मोडतात. आपल्याकडे लोकसभेचा मतदारसंघ म्हटला की तालुक्यांचा सलग तुकडा डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे ही रचना समजायला थोडा वेळ लागतो.

पण ही पाचच गावे एकत्र का बांधली गेली?

कारण ती सर्व ‘रॉयल बरो’, म्हणजे राजाच्या सनदेने व्यापाराचे आणि स्वतःचा कारभार पाहण्याचे हक्क मिळालेली गावे होती. इंग्रजी लिपीतील स्पेलिंगमुळे हा शब्द अनेकदा ‘बर्ग’ असा वाचला जातो, पण त्याचा स्कॉटिश उच्चार ‘बरा’ या उच्चाराच्या जवळ जातो. मराठी वाचकाला परिचित म्हणून येथे ‘बरो’ असे लिहिले आहे. आपल्याकडच्या कसब्याला जशी बाजारपेठेमुळे आणि वतनदारांमुळे आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा वेगळी ओळख असे, तशीच काहीशी ओळख या गावांना होती. फरक असा की बरोला संसदेत स्वतःचा प्रतिनिधी पाठवण्याचा जुना हक्क होता.

१७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या संसदा एक झाल्या, तेव्हा नव्या संसदेत स्कॉटलंडच्या वाट्याला ४५ जागा आल्या. त्यांतल्या ३० परगण्यांना आणि १५ बरोंना मिळाल्या. बरोंची संख्या साठाहून अधिक असल्याने प्रत्येकाला एक जागा देणे शक्य नव्हते. एकट्या एडिनबरोला स्वतंत्र जागा देण्यात आली आणि बाकीच्या बरोंचे चौदा गट पाडून प्रत्येक गटाला एक जागा देण्यात आली. मॉन्ट्रोज, आर्ब्रोथ, ब्रीखिन आणि इनव्हरबर्व्ही ही चार गावे तेव्हा ॲबर्डीनसोबत एका गटात होती आणि त्या गटाला ॲबर्डीन बरोज असे म्हणत. फॉर्फर मात्र पर्थ, डंडी, कूपर आणि सेंट अँड्र्यूज यांच्याबरोबर पर्थच्या गटात होते.

१८३२ पूर्वी या गावांत निवडणूक कशी होत असे?

आजच्या अर्थाने निवडणूक होतच नसे. प्रत्येक गावाची नगरपरिषद आपला एक प्रतिनिधी ठरवत असे, असे पाच प्रतिनिधी एकत्र जमत आणि बहुमताने संसद सदस्य निवडत. गटातील गावांना यजमानपदाचा मान आळीपाळीने मिळे आणि मते समसमान पडल्यास यजमान गावाच्या प्रतिनिधीचे मत निर्णायक ठरे. इनव्हरबर्व्हीसारख्या चिमुकल्या गावाच्या मताला ॲबर्डीनसारख्या शहराच्या मताइतकेच वजन होते. शिवाय नगरपरिषदाही लोकांनी निवडलेल्या नसत, कारण जुनी परिषद नव्या परिषदेची नेमणूक करत असे. सारा कारभार त्यामुळे मूठभर घराण्यांच्या हाती राहत असे.

या पद्धतीत एखाद्या गावच्या नगराध्यक्षाचे, म्हणजे तेथील भाषेत ‘प्रोव्होस्ट’चे, मत संसद सदस्याला किती मोलाचे वाटत असेल याची कल्पना बर्न्स घराण्याच्या उदाहरणावरून येते. मॉन्ट्रोजचे प्रोव्होस्ट जेम्स बर्न्स यांनी तेव्हा ॲबर्डीन बरोजमधून संसदेत जाणाऱ्या जोसेफ ह्यूम यांना पाठिंबा दिला आणि ह्यूम यांच्या ओळखीने त्यांच्या मुलांना ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात नोकऱ्या मिळाल्या. त्यांतला अलेक्झांडर बर्न्स पुढे बुखाऱ्यापर्यंतच्या प्रवासासाठी प्रसिद्ध झाला आणि १८४१ मध्ये काबूलमध्ये मारला गेला. त्याचा भाऊ डॉ. जेम्स बर्न्स मुंबईत राहिला आणि भारतीयांना प्रवेश देणारी फ्रीमेसन या बंधुमंडळाची शाखा त्याने तेथे सुरू केली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील एका नगरपरिषदेतील मताचे धागे असे थेट मुंबई बंदरापर्यंत पोहोचत होते.

१८३२ मध्ये नेमके काय बदलले?

त्या वर्षी संसदीय सुधारणेचा कायदा झाला आणि स्कॉटलंडसाठी वेगळा कायदा करण्यात आला. नगरपरिषदांच्या प्रतिनिधींची जुनी पद्धत मोडीत निघाली. वर्षाला दहा पौंड भाडेमूल्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला स्वतःचे मत मिळाले आणि पाचही गावांतील मते एकत्र मोजून सदस्य ठरू लागला. ॲबर्डीन, डंडी आणि पर्थ या शहरांना प्रत्येकी स्वतंत्र जागा मिळाल्या. ॲबर्डीन बाहेर पडल्याने उरलेल्या चार गावांत फॉर्फरची भर घालण्यात आली आणि मॉन्ट्रोजच्या नावाने नवा गट तयार झाला.

तरीही मतदारांची संख्या थोडी होती आणि मतदान उघडपणे, सर्वांसमक्ष नाव सांगून होत असे. १८६८ च्या कायद्याने बरोंमधील घरभाडे भरणाऱ्या कामगारांपैकी पुष्कळांना मत मिळाले, १८७२ मध्ये गुप्त मतदान आले, १९१८ मध्ये सर्व प्रौढ पुरुष आणि तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रिया मतदार झाल्या, आणि १९२८ मध्ये स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळाला.

या गावांतील मतदार कोण होते? त्यांचा उदरनिर्वाह कशावर चालत असे?

मुख्यतः ताग आणि अंबाडीसारख्या धाग्यांवर. जवसाच्या झाडापासून निघणारा फ्लॅक्सचा धागा, त्याचे लिनन कापड आणि पुढे बंगालमधून येणारा ताग यांनी हा सारा टापू बांधलेला होता. आर्ब्रोथ शिडाच्या जाड कापडासाठी नावाजलेले होते. ब्रीखिन आणि फॉर्फर येथे विणकर आणि गिरणी कामगार यांची वस्ती मोठी होती. मॉन्ट्रोजला साउथ एस्क नदीच्या मुखाशी बंदर होते आणि गावामागे भरती-ओहोटीच्या पाण्याचे विस्तीर्ण खाजण पसरलेले होते. याशिवाय आर्ब्रोथची धुरी दिलेली हॅडॉक मासळी आजही प्रसिद्ध आहे आणि फॉर्फरची ‘ब्रायडी’ ही मांसाची करंजी अजून तेथील बेकऱ्यांत मिळते.

प्रत्येक गावाला स्वतःचा अभिमान होता. आर्ब्रोथच्या मठाचे नाव १३२० मधील त्या पत्राशी जोडलेले आहे ज्यात स्कॉटिश सरदारांनी पोपला आपल्या देशाच्या स्वातंत्र्याची बाजू कळवली होती. ब्रीखिनला मध्ययुगीन कॅथीड्रल आणि त्याला लागून असलेला उंच गोल मनोरा आहे. फॉर्फर परगण्याचे मुख्य ठाणे होते. इनव्हरबर्व्ही सगळ्यांत लहान, पण ‘कटी सार्क’ या विख्यात शिडाच्या जहाजाचा रचनाकार हर्क्युलीस लिंटन याच गावी १८३७ मध्ये जन्मला. अशा पाच स्वाभिमानी गावांना एकाच उमेदवारावर राजी करणे हे काम सोपे नसणार, आणि उमेदवाराला पाचही ठिकाणी वेगवेगळ्या सभा घ्याव्या लागत.

फॉर्फरशायर आणि मॉन्ट्रोज बरोज हे एकच मतदारसंघ होते का?

नाही, आणि हा गोंधळ वारंवार होतो. फॉर्फरशायर हे अँगस परगण्याचेच जुने नाव, आणि त्या नावाचा मतदारसंघ हा परगण्याचा स्वतंत्र मतदारसंघ होता. गावाबाहेरचे जमीनदार, कुळे आणि बरो नसलेल्या किरिम्यूरसारख्या गावांतील मतदार त्यात येत. फॉर्फर या गावात राहणारा मतदार मात्र मॉन्ट्रोज बरोजमध्ये मत देत असे.

या मतदारसंघाचे सदस्य कोण कोण होते?

एकूण अकरा. पहिले होराशियो रॉस, मॉन्ट्रोजजवळच्या रॉसी येथील जमीनदार, नेमबाजीत निष्णात आणि छायाचित्रणाच्या आरंभकाळातील एक हौशी कलावंत. त्यांचे नाव नौसेनानी होराशियो नेल्सन यांच्यावरून ठेवले होते. त्यांच्यानंतर १८३५ मध्ये पॅट्रिक चामर्स आले. अँगसमधील कोरीव शिळांवरील त्यांचे काम आजही पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १८४२ ते १८५५ जोसेफ ह्यूम, १८५५ ते १८८५ विल्यम एडवर्ड बॅक्स्टर, १८८५ ते १८९६ वकील जॉन शायरेस विल, १८९६ ते १९०८ जॉन मोर्ले, १९०८ ते १९१८ रॉबर्ट हारकोर्ट, १९१८ ते १९२४ जॉन लेंग स्टरॉक, १९२४ ते १९३२ मेजर जनरल रॉबर्ट हचिसन, १९३२ ते १९४० चार्ल्स कर आणि शेवटी १९४० ते १९५० जॉन मॅक्ले.

या अकरांपैकी सहा जण पोटनिवडणुकीतून आले. ह्यूम, बॅक्स्टर, मोर्ले, हारकोर्ट, कर आणि मॅक्ले हे ते सहा. कोणाच्या आधीच्या सदस्याचे निधन झाले होते, कोणाच्या आधीच्याने राजीनामा दिला होता, आणि तीन वेळा आधीचा सदस्य उमराव बनून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्याने जागा रिकामी झाली होती.

जोसेफ ह्यूम यांचा मराठी इतिहासाशी काही संबंध होता का?

होता, आणि तो दोन प्रकारचा होता. ह्यूम यांचा जन्म १७७७ मध्ये मॉन्ट्रोजमध्ये झाला. वडील जहाजाचे कप्तान होते, ते लवकर वारले आणि आईने चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान चालवून मुलांना वाढवले. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ह्यूम कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आले. तेथे त्यांनी देशी भाषा आणि फारसी शिकून घेतल्या. इंग्रज आणि मराठे यांच्यातील दुसरे युद्ध पेटले तेव्हा बुंदेलखंडाच्या बाजूला गेलेल्या कंपनीच्या फौजेत ते दुभाषे आणि रसद अधिकारी होते. ओल लागलेली बंदुकीची दारू सुकवण्याची युक्ती त्यांनी शोधली होती आणि तिने त्यांचे नाव झाले असेही सांगितले जाते. मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी कंपनीच्या बाजूने काम केले हे स्पष्टपणे नोंदवायला हवे. सुमारे चाळीस हजार पौंडांची संपत्ती घेऊन ते मायदेशी परतले.

दुसरा संबंध मात्र मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. १८३९ मध्ये मुंबई सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून दूर केले. त्यांच्यावरील आरोपांपैकी एक असा होता की त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेशी संधान बांधले. महाराजांना काशीला पाठवण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे त्यांनी चौदा वर्षांच्या आसपास चिकाटीने लढा दिला. त्या लढ्यात संसदेत ज्यांनी आवाज उठवला त्यांत जोसेफ ह्यूम अग्रभागी होते. साताऱ्याच्या प्रकरणी महाराजांना बाजू मांडण्याची संधी न देताच शिक्षा झाली, हे त्यांनी कॉमन्सपुढे मांडले आणि चौकशीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. प्रतापसिंह महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, १८४८ मध्ये शहाजींच्या निधनानंतर डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले. त्या वेळी सातारकरांना ब्रिटिश संसदेत एकही मत नव्हते. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या सदस्याला तेथे पाठवले होते ते अँगसच्या विणकरांनी आणि दुकानदारांनी, आणि मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

ह्यूम हे स्कॉटलंडमध्ये कशासाठी ओळखले जात?

सरकारी खर्चावरील करड्या नजरेसाठी. अंदाजपत्रकातील एकेका कलमावर ते प्रश्न विचारत आणि हिशेब तपासण्यासाठी स्वतःच्या खर्चाने कारकून ठेवत. कामगार संघटनांवर बंदी घालणारे कायदे १८२४ मध्ये रद्द करवून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सैन्यातील फटक्यांच्या शिक्षेला त्यांनी विरोध केला. त्यांनी मॉन्ट्रोज बरोजचे प्रतिनिधित्व करण्यापूर्वी १८१८ ते १८३० या काळात जुन्या ॲबर्डीन बरोजचे, त्यानंतर मिडलसेक्सचे आणि आयर्लंडमधील किलकेनीचे प्रतिनिधित्व केले होते. १८४१ मध्ये लीड्समध्ये हरल्यानंतर पुढच्याच वर्षी जन्मगावाने त्यांना पुन्हा संसदेत पाठवले आणि १८५५ मध्ये निधन होईपर्यंत ते तेथूनच सदस्य राहिले.

काँग्रेसचे संस्थापक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे हे कोण?

वडील. ॲलन ह्यूम १८४९ मध्ये कंपनीच्या सेवेत भारतात आले तेव्हा जोसेफ ह्यूम मॉन्ट्रोज बरोजचे सदस्य होते. १८८५ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले होते. तेथे पटकीची साथ आल्याने ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या इमारतीत भरले. संघटना बांधून, पत्रे लिहून, आकडे मांडून सरकारला प्रश्न विचारत राहण्याची ॲलन ह्यूम यांची पद्धत पाहिली की वडिलांच्या सवयी आठवल्याशिवाय राहत नाहीत.

बॅक्स्टर यांनी तीस वर्षे काय केले?

ते डंडीच्या व्यापारी घराण्यातले होते, भरपूर प्रवास केलेले होते आणि लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात नौदल खात्याचे सचिव आणि नंतर अर्थखात्याचे सचिव होते. सर्वाधिक काळ हा मतदारसंघ सांभाळणारे सदस्य तेच.

जॉन मोर्ले मूळचे लँकेशायरचे असताना मॉन्ट्रोजला कसे आले?

मोर्ले हे ब्लॅकबर्नचे, संपादक आणि विचारवंत म्हणून गाजलेले, ग्लॅडस्टन यांचे निष्ठावंत सहकारी. आयर्लंडचे मुख्य सचिव म्हणून दोनदा काम केलेले असूनही १८९५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत न्यूकॅसलमध्ये त्यांचा पराभव झाला. पक्षाला ते संसदेत हवे होते. तेवढ्यात शायरेस विल यांनी जागा सोडली आणि फेब्रुवारी १८९६ च्या पोटनिवडणुकीत मोर्ले मॉन्ट्रोज बरोजमधून निवडून आले. पराभूत पुढाऱ्यासाठी सुरक्षित मतदारसंघ शोधणे ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही. तरी येथे असे म्हणता येईल की या गावांना आपल्या विचारांचा, लिबरल परंपरेतला थोर माणूस मिळाला आणि त्यांनी तो बारा वर्षे सांभाळला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाला मोर्ले यांनी उघड विरोध केला तेव्हा देशभर युद्धज्वर होता. १९०० च्या निवडणुकीतही या मतदारांनी त्यांची साथ सोडली नाही. ग्लॅडस्टन यांचे मोठे चरित्रही त्यांनी याच काळात लिहून १९०३ मध्ये प्रसिद्ध केले.

मोर्ले भारतमंत्री झाले तेव्हा भारतात काय प्रतिक्रिया होती?

डिसेंबर १९०५ मध्ये ते भारतमंत्री झाले. त्याच महिन्यात बनारसला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदावरून गोपाळ कृष्ण गोखले यांनी मोर्ले यांच्याविषयी सांगितले की शिकलेल्या कितीतरी भारतीयांना ते गुरुस्थानी वाटतात, आणि म्हणून मन आशा धरते व तरीही थरथरते. ही थरथर पुढे खरी ठरली. १९०६ मध्ये गोखले लंडनमध्ये मोर्ले यांना अनेकदा भेटले. १९०७ मध्ये मोर्ले यांनी आपल्या सल्लागार मंडळावर दोन भारतीय सदस्य नेमले. पण त्याच वर्षी मे महिन्यात लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना खटला न चालवता हद्दपार करण्यात आले आणि त्याला मोर्ले यांची संमती होती. स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने १८१८ च्या एका जुन्या नियमाच्या आधारे माणसे उचलू द्यावीत, याचा धक्का पुण्या-मुंबईच्या नेमस्तांनाही बसला.

आर्ब्रोथच्या भाषणाची इतकी चर्चा का होते?

ऑक्टोबर १९०७ मध्ये मोर्ले आर्ब्रोथला आपल्या मतदारांपुढे उभे राहिले आणि त्यांनी जवळजवळ संपूर्ण भाषण भारतावर केले. शिडाचे कापड विणणाऱ्या गावातले मतदार, आणि विषय हद्दपारी, सभाबंदी, वृत्तपत्रे, सुधारणा. त्याच सुमारास स्कॉटलंडचेच मजूर नेते केअर हार्डी भारताच्या दौऱ्यावर होते आणि कॅनडाला जे स्वराज्य लाभले ते भारतालाही लाभावे या धर्तीच्या त्यांच्या विधानांनी ब्रिटिश वृत्तपत्रांत खळबळ उडाली होती. मोर्ले यांनी या तर्काला राजकारणातील सर्वांत ढोबळ चूक ठरवले. कॅनडाच्या थंडीत केसाळ कातड्याचा कोट सुखाचा वाटतो म्हणून तो दख्खनमध्येही सोयीचा ठरेल असे म्हणण्यासारखे हे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा दृष्टान्त त्यांनी नेमका दख्खनवर बेतला, हे मराठी वाचकाच्या मनात राहतेच. गोखले आणि टिळक दोघेही त्याच दख्खनच्या राजधानीतून, पुण्यातून, काम करत होते. एक जण घटनात्मक सुधारणा मागत होता, दुसरा स्वराज्य. दोघांच्याही मागणीला मोर्ले यांनी त्या संध्याकाळी कोटाच्या उपमेने उत्तर दिले. माझ्या मते या भाषणाचे खरे वजन त्यातील कारणमीमांसेत नाही, कारण ती कमकुवत आहे. भारताचा मंत्री भारताविषयी उत्तर द्यायला बांधील होता तो आर्ब्रोथच्या मतदाराला, हे या भाषणात जितके लख्ख दिसते तितके त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या कागदात क्वचितच दिसेल.

टिळकांना मंडालेची शिक्षा झाली तेव्हा मोर्ले मॉन्ट्रोज बरोजचे सदस्य होते का?

नाही. १९०८ च्या वसंतात मोर्ले यांना व्हायकाउंट ही उमरावकीची पदवी देण्यात आली आणि ते लॉर्ड्समध्ये गेले. भारतमंत्रिपद मात्र त्यांच्याकडेच राहिले. लोकमान्य टिळकांना २४ जून १९०८ रोजी अटक झाली आणि २२ जुलै रोजी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. ती त्यांनी मंडाले येथे भोगली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. हा खटला मुंबई सरकारने पुढे रेटला होता आणि मोर्ले यांनी खासगी पत्रव्यवहारात त्याविषयी नाराजी कळवली, पण शिक्षा काही थांबली नाही. मोर्ले त्या वेळी कोणत्याही मतदारसंघाला उत्तर देणे लागत नव्हते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आर्ब्रोथची ती सभा टिळकांच्या खटल्यानंतर झाली असती तर त्यांना काय विचारले गेले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पुढे डिसेंबर १९०८ मध्ये त्यांनी लॉर्ड्सपुढे सुधारणांची योजना मांडली आणि आपल्याला भारतात संसदीय पद्धत आणायची नाही असे बजावले. १९०९ च्या कायद्याने कायदेमंडळांतील निवडून आलेल्या सदस्यांची संख्या वाढली, तसेच मुस्लिम मतदारांसाठी वेगळे मतदारसंघ आले. मोर्ले-मिंटो सुधारणा म्हणून आपण शाळेत शिकतो त्या याच.

१९०८ ची पोटनिवडणूक वेगळी का मानली जाते?

मोर्ले यांच्या जागी लिबरल पक्षाने सर विल्यम हारकोर्ट यांचे पुत्र रॉबर्ट हारकोर्ट यांना उभे केले. मजूर चळवळीतर्फे जोसेफ बर्जेस रिंगणात उतरले आणि त्यांनी हुजूर पक्षाच्या उमेदवाराला मागे टाकले. गिरण्यांच्या या गावांत कामगारांचे स्वतंत्र राजकारण उभे राहू शकते हे तेव्हा दिसले. शेजारच्या डंडीतही त्याच आठवड्यात विन्स्टन चर्चिल पोटनिवडणूक लढवत होते, त्यामुळे स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या संघटनांनी या साऱ्या टापूत लिबरल उमेदवारांविरुद्ध प्रचाराची राळ उठवली. हारकोर्ट निवडून आले.

येथून कधी हुजूर किंवा मजूर पक्षाचा सदस्य निवडून आला का?

एकदाही नाही. ११८ वर्षे ही जागा व्हिग, रॅडिकल, लिबरल किंवा त्यांच्यातून निघालेल्या गटांकडेच राहिली. मात्र नाव तेच राहिले तरी आशय बदलत गेला. १९३१ च्या आर्थिक संकटात लिबरल पक्ष फुटला आणि हचिसन, जे काही काळ पक्षाचे मुख्य प्रतोद होते, ते नॅशनल, म्हणजे अनेक पक्षांच्या संयुक्त, सरकारला पाठिंबा देणाऱ्या लिबरल नॅशनल गटात गेले. त्यांच्यानंतर आलेले चार्ल्स कर त्याच गटाचे प्रतोद झाले, १९४० मध्ये लॉर्ड टेव्हियट बनले आणि १९४७ मध्ये त्यांनी हुजूर पक्षाचे लॉर्ड वूल्टन यांच्याशी करार करून दोन्ही पक्षांच्या स्थानिक शाखा एकत्र आणण्याचा मार्ग मोकळा केला. ह्यूम आणि मोर्ले यांच्या परंपरेतील मतदारसंघ अशा रीतीने, नावात ‘लिबरल’ शब्द शाबूत ठेवून, हुजूर पक्षाच्या छावणीत जाऊन पोहोचला. शेवटचे सदस्य जॉन मॅक्ले पुढे १९५७ ते १९६२ या काळात हुजूर सरकारात स्कॉटलंडचे मंत्री होते.

मतदारसंघ रद्द का झाला आणि ती गावे पुढे कोणत्या मतदारसंघांत गेली?

१९४८ च्या कायद्याने देशभरातील मतदारसंघांची फेररचना झाली आणि ती फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीपासून लागू झाली. विखुरलेल्या गावांची मोट बांधण्यामागचे मूळ कारण, म्हणजे बरोंचा स्वतंत्र हक्क, सर्वांना मत मिळाल्यावर उरले नव्हते. बरोंचे काही गट त्यानंतरही १९७४ पर्यंत टिकले, पण मॉन्ट्रोजचा गट मोडण्यात आला. मॉन्ट्रोज, ब्रीखिन आणि इनव्हरबर्व्ही ही गावे नॉर्थ अँगस अँड मर्न्स या नव्या मतदारसंघात गेली, तर आर्ब्रोथ आणि फॉर्फर साउथ अँगसमध्ये. म्हणजे शहर आणि खेडे यांच्यातील जुनी भिंत पडली, पण पाच गावांची ११८ वर्षांची सोबतही तुटली. ते दोन्ही मतदारसंघ १९८३ मध्ये संपले. २०२४ च्या फेररचनेत आर्ब्रोथचे नाव ब्रॉटी फेरी या डंडीच्या उपनगराबरोबर एका मतदारसंघाला मिळाले आहे.

या मतदारसंघाची काही खूण आज पाहायला मिळते का?

मॉन्ट्रोजच्या हाय स्ट्रीटवर जोसेफ ह्यूम यांचा पुतळा उभा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या मराठी प्रवाशाने थोडे थांबावे, कारण साताऱ्यासाठी लंडनमध्ये बोललेल्या माणसाचे स्मारक तेथे आहे. दुसरी खूण एका पदवीत होती. हचिसन यांनी उमराव होताना आपल्या पदवीत मॉन्ट्रोजचे नाव घेतले होते. त्यांना वारस नव्हता, त्यामुळे १९५० मध्ये त्यांच्या निधनाबरोबर ती पदवीही संपली, आणि मतदारसंघ त्याच वर्षी काही महिने आधी संपला होता.